माळवदातली हिरवी काचपेटी : औसा तालुक्यातल्या दोन क्रेस्टेड गेकोंचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरातलं आहे. औसा तालुक्यातलं गाव. पुढे स्लॅबच्या तीन नव्या खोल्या, मागे आजोबांच्या काळातलं माळवद, म्हणजे जाड भिंतींचं, मातीच्या छताचं जुनं घर. मावशीचा नातू लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. त्याच्या पुण्यातल्या मित्राला परदेशी जायचं होतं, म्हणून मित्राकडच्या क्रेस्टेड गेको या परदेशी पालीच्या दोन माद्या यानं डिसेंबरात घरी आणल्या. मी लातुरात बरीच वर्षं काचपेटीत झाडं आणि पाली सांभाळतो, तेव्हा पेटी उभी करायला त्यानं मला बोलावलं. पुढच्या वर्षभरात त्या पेटीची जागा बदलली, एका मादीची शेपटी गेली, आणि आम्हाला दोघांनाही बरंच नव्यानं शिकावं लागलं.

एवढं सविस्तर लिहायचं कारण एकच. जिवंत झाडांची पेटी, म्हणजे व्हिव्हेरियम, कशी उभारावी यावर वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलखातल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. पेटी उबदार कशी ठेवायची ही तिकडची काळजी. आपल्याकडे ती गार कशी ठेवायची यावरच सगळं अडतं.

क्रेस्टेड गेको ही न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातल्या बेटाची पाल. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी काट्यांची कड असते. खरी पापणी मात्र नसते, त्यामुळे डोळे ती जिभेनं चाटून साफ करते. शास्त्रीय नाव मिळालं १८६६ मध्ये. नंतर ती इतकी वर्षं दिसली नाही की नामशेष झाली असंच मानलं जात होतं. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. झाडावर राहणारी, रात्री फिरणारी, फळांचा गर आणि किडे खाणारी. तिला मानवतं ते २२ ते २६ अंश. २८ च्या पुढे तिला त्रास सुरू होतो आणि तिशीच्या पुढे बराच वेळ राहिली तर जिवावर बेततं. औशाच्या मे महिन्याशी हे आकडे ताडून पाहा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

डिसेंबरात मी गेलो तेव्हा दोघी माशांच्या जुन्या टाकीत होत्या. ६० सेंटीमीटर लांब, ३० उंच. वर काचेचंच झाकण. खाली शेतातली काळी माती वीतभर भरलेली, तिच्यात नर्सरीतून आणलेली चार रोपं. पोरानं मनापासून केलं होतं, पण जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी पडली होती. झाडावर चढणाऱ्या प्राण्याला आडवी टाकी दिलेली, म्हणजे चढायला जागाच नाही. हवा ना आत येई, ना बाहेर जाई. आणि आपली काळी माती शेतात सोनं असली तरी पेटीत चालत नाही. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, आणि ओली असताना मुळांना हवा लागू देत नाही. तळाशी आंबूस वास येत होता, बारीक चिलटं झाली होती. धाकट्या मादीच्या मागच्या पायाच्या दोन बोटांना जुनी कात कड्यासारखी अडकली होती. ती तशीच राहिली तर रक्त अडतं आणि बोट गळून जातं. कोमट ओल्या कापडात दहा मिनिटं ठेवून, कानकोरणीच्या कापसानं हळूहळू सोडवली. त्या दिवशी वजनं केली. थोरली ४१ ग्रॅम, धाकटी ३४.

नवी पेटी लातुरातल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. ६० रुंद, ४५ खोल, ९० सेंटीमीटर उंच, ५ मिलिमीटर काच, पुढून उघडणारं दार. त्याला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागल्या. पहिली, दाराखाली सहा सेंटीमीटर उंचीची जाळीची पट्टी हवी आणि वरचं सगळं झाकण जाळीचं हवं, म्हणजे गार हवा खालून शिरेल आणि उबदार हवा वरून निघेल. दुसरी, काच जोडायचं सिलिकॉन साधं हवं, बुरशीनाशक घातलेलं नको. खिडकीवाल्यांकडे बहुधा बुरशीनाशकवालंच असतं, तेव्हा नळीवरची अक्षरं स्वतः वाचावीत. जोडकाम झाल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी आठवडाभर उघडी ठेवली.

थर असे घातले. तळाला फुटक्या विटांचे आणि कौलांचे सुपारीएवढे तुकडे, पाच सेंटीमीटर. जास्तीचं पाणी इथे उतरतं, मुळांत साचत नाही. त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, माती खाली गळू नये म्हणून. मग माती : तीन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग जाड वाळू, आणि चुलीतल्या लाकडी कोळशाचे मूठभर तुकडे. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढावंच, त्यात क्षार असतात. सगळ्यात वर वाळलेली पानं. इथे पोरगा शेताच्या बांधावरची पानं गोळा करायला निघाला होता. मी थांबवलं. सोयाबीन आणि कापसाच्या पट्ट्यात बांधावरच्या पानांवर फवारणीचा अंश असू शकतो, आणि आपण तो या पेटीत किड्यांसकट आणून ठेवणार. अंगणातल्या जांभळाची आणि आंब्याची पानं घेतली, तिथे कधी औषध मारलेलं नव्हतं. त्या पानांखाली स्प्रिंगटेल नावाचे पांढरे, उडी मारणारे सूक्ष्म जीव सोडले, आणि कुंड्यांखाली सापडणारे राखाडी, बऱ्याच पायांचे किडे. विष्ठा, कुजकी पानं, बुरशी हे सगळं ते खातात. पेटीचे झाडूवाले तेच. ते टिकले तर माती वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही.

रोपांबाबत मी फार हट्टी आहे. नर्सरीतलं रोप थेट प्राण्याच्या पेटीत कधीच लावत नाही. मुळांची माती पूर्ण धुवायची, पानं दोन्ही बाजूंनी पुसायची, आणि महिनाभर दुसऱ्या कुंडीत ठेवायचं. नवी पानं आली की समजायचं, जुन्या औषधाचा जोर उतरला. या पेटीसाठी निवडली ती साधीच रोपं : मागच्या भिंतीवर चढायला मनी प्लांट, मधे उभं स्नेक प्लांट, बाजूंना सिंगोनियम, वरच्या बांबूच्या पेरात स्पायडर प्लांट, आणि मला मोह झाला म्हणून एक नेचा. क्रेस्टेड गेकोचं वजन पेलणारं रुंद पान आणि दिवसा लपायला दाट जागा, एवढं मिळालं की झाडाचं नाव महाग असण्याची गरज नाही. चढायला बांबू आणि वाळलेल्या जांभळाच्या फांद्या वापरल्या, पालीच्या अंगाएवढ्या जाडीच्या. फांद्या आधी उकळत्या पाण्यानं धुऊन चार दिवस गच्चीवर उन्हात टाकल्या. आपल्या उन्हाचा हा एक फायदा.

प्राणी आत सोडले ते झाडं लावल्यावर चार आठवड्यांनी. मुळं धरली नसतील तर पहिल्याच रात्री सगळं उपटून निघतं.

पाण्याचा मुद्दा मात्र वेगळाच निघाला. गावात बोअरचं पाणी. दोन आठवडे तेच फवारलं तर काचेवर आणि पानांवर पांढरे डाग धरले. पाली काचेवरचे थेंब चाटूनच पाणी पितात, आणि पानाची छिद्रं बुजली की झाडही मंदावतं. आरओचं पाणी आणावं, तर एक लिटर शुद्ध मिळवताना बरंच पाणी वाया जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेल्या जिल्ह्यात पालीसाठी असं पाणी सांडायला माझं मन होत नाही. मग हिशेब मांडला. संध्याकाळची एक फवारणी २५० मिलिलिटर. वर्षाला होतात ९१ लिटर. दहा चौरस मीटर गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर पाणी होतं. म्हणजे पावसाळ्यातल्या एका चांगल्या सरीत, पहिलं धुवण सोडून दिल्यावरही, वर्षभराचा साठा होतो. पण आम्ही होतो जानेवारीत. त्या वर्षापुरतं आरओ चालवलं, वाया जाणारं पाणी मावशीनं भांड्यांना घेतलं, आणि जूनसाठी २०० लिटरचं निळं पिंप धुऊन ठेवलं.

फेब्रुवारी, मार्च छान गेले. मनी प्लांटनं मागची भिंत निम्मी झाकली. रात्री दहा वाजता टॉर्च लावला की दोघी बांबूवर दिसायच्या. पोरगा रोज फोटो पाठवायचा.

माझी चूक इथे आहे, ती स्पष्ट लिहितो. पेटी पुढच्या स्लॅबच्या खोलीत ठेवली होती, कारण उजेड तिथे चांगला होता. जानेवारीत ती खोली २३ अंशांवर होती आणि मी मे महिन्याचा विचार केला नाही. मला करायला हवा होता. एप्रिलच्या मध्याला पेटीच्या वरच्या भागात ३१ दिसायला लागले. कूलर लावला तर उतरायचे, पण कूलर दिवसाला चार-पाच घागरी पाणी पितो आणि गावात तेव्हा टँकर सुरू झाला होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, दिवसभर वीज नाही. पोरानं आपल्या बुद्धीनं केलं ते असं : ओलावा टिकावा म्हणून खालची जाळी कापडानं बंद केली, वरच्या जाळीवर प्लास्टिक अंथरलं आणि दुपारी तासातासानं फवारणी केली. ओलं केलं की गार होतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. तीन वाजता त्याचा फोन आला.

"काका, दोघीबी खाली मातीत पडून हायत. तोंड उघडं हाय त्यांचं. पाणी मारलं तरी हालंना गेल्यात."

पेटीत ३३ अंश आणि ९५ टक्के दमटपणा. धाकटीनं शेपटी टाकली होती.

मी लातूरहून निघेपर्यंत मावशी आत आली होती. तिनं मला फोनवर सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं : "आरं, मुक्या जीवाला काचंत कोंडून वाफवायलाव तुमी. मी न्हेते त्यांला रांजणापाशी." आणि तिनं दोघींना भोकं पाडलेल्या डब्यात, ओल्या सुती कापडावर ठेवून माळवदातल्या रांजणाला टेकवून ठेवलं. मी पोचलो तेव्हा तिथे २९ अंश होते आणि थोरलीचं तोंड मिटलेलं होतं.

नेमकं काय बिघडलं हे माठाकडे पाहून समजतं. माठ ओला असतो म्हणून गार होत नाही. त्याच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून गार होतो. तोच माठ प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, तो कोमट होईल. आपल्या मे महिन्याची हवा कोरडी असते. बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं कापड वाऱ्यात २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. निसर्गानं दिलेली एवढी मोठी सोय आम्ही कापड आणि प्लास्टिक लावून बंद केली. आतली हवा पाण्यानं भरली, मग पुढचा एकही थेंब उडेना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर प्राण्यालाही वाटच राहिली नाही. कोरड्या ३३ पेक्षा दमट ३३ वाईट, ते यामुळे. त्या दिवसापासून मी कुणाचीही पेटी बघायला गेलो की आधी हात खालच्या जाळीशी धरतो. हवा आत जाते आहे का, हे पाहतो. झाडं नंतर.

धाकटीनं नऊ दिवस काही खाल्लं नाही. वजन २९ वर आलं. क्रेस्टेड गेकोची शेपटी एकदा गेली की पुन्हा येत नाही. जखम तीन दिवसांत सुकली. तोवर तिला डब्यात, मातीऐवजी साध्या कागदावर ठेवलं. दहाव्या दिवशी तिनं बोटावरचा पिकल्या आंब्याचा रस चाटला, आणि मावशीनं सगळ्या गल्लीला ते सांगितलं.

पेटी माळवदात हलवायचं ठरलं. मोजमापं आधी घेतली, यावेळी घाई केली नाही. सलग पाच दिवस दुपारी चारला बाहेर ४१-४२, स्लॅबच्या खोलीत ३७-३८, माळवदात २९-३०. दीड हात जाड दगडमातीच्या भिंती, छतावर लाकडं आणि पांढरी माती. दिवसाचं ऊन आत पोचायला इतका वेळ लागतो की तोवर रात्र होते. दाराला वाळ्याचा पडदा लावला आणि दुपारी बोअरचंच पाणी शिंपडलं, दिवसाला एक बादली. खोली २७ वर आली. पेटीच्या वरच्या जाळीवर कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवला, हवा बाहेर ओढणारा. तो बॅटरीवर चालतो, वीज गेली तरी थांबत नाही. पेटीच्या खालच्या निम्म्या भागात भर दुपारी २६ ते २७ मिळायला लागले.

माळवदाच्या स्वतःच्या अडचणी आहेत, आणि त्या कुठे लिहिलेल्या मिळणार नाहीत म्हणून सांगतो. पहिली वाळवी. लाकडी स्टँड तिथे वर्ष काढणार नाही, आणि वाळवीचं औषध त्या खोलीत मारता येत नाही, पालीला ते घातक. लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला. दुसरी जमीन. भरलेली पेटी साठ-सत्तर किलोच्या घरात जाते आणि मातीची जमीन कुठेही दबते. खाली शहाबादी फरशी टाकून पाणसळ लावून घेतली, नाहीतर काचेच्या जोडावर ताण येतो. तिसरी मुंग्या. फळाच्या गराचं खाणं म्हणजे त्यांना आवतणच. जुन्या घरात जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तसेच स्टँडचे चारही पाय वाट्यांत ठेवले. चौथी, छतातून झरणारी माती आणि जाळीवर बसून घाण करणाऱ्या घरातल्या पाली. त्यांच्या विष्ठेतून जंत आत जाऊ शकतात. पेटीच्या वर हातभर अंतर सोडून सुती कापडाचं छत बांधलं.

उजेड तर जवळजवळ नव्हताच. पांढऱ्या प्रकाशाचे दोन एलईडी पट्टे बारा तास, आणि सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठीची मंद यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी दिवसाचे काही तास. एलईडीला वीज पुरवणारी, तापणारी डबी पेटीबाहेर, भिंतीला. नेचा इथे गेला. स्नेक प्लांटला काही फरक पडला नाही. मनी प्लांट महिनाभर रुसला आणि मग पुन्हा निघाला.

मृगाच्या दुसऱ्या पावसात पिंप भरलं. पावसाळ्यात फवारणी एक दिवसाआड केली, कारण हवेतच ओलावा होता आणि खाण्याच्या वाटीला रात्रीत बुरशी धरत होती. पेटी दिवसातून एकदा ५० टक्क्यांपर्यंत कोरडी व्हायला हवी. सतत ओली राहिली तर पोटाच्या कातडीवर फोड येतात. हिवाळ्यात काहीच करावं लागलं नाही. बाहेर रात्री ११-१२ अंश असताना माळवदात १९ होते.

मधे एक गोष्ट घडली. विहिरीच्या दगडांत पोराला ठिपक्यांची सुंदर रानपाल दिसली आणि तिच्यासाठी दुसरी, कोरडी पेटी करू म्हणून तो मागे लागला. मी नाही म्हटलं. आपल्या रानातले प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते धरून घरी ठेवायचे नसतात. परदेशी प्राण्यांचंही सगळं मोकळं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी कायद्यात आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मादागास्करच्या हिरव्या, दिवसा फिरणाऱ्या फेल्सुमा पाली अशा व्हिव्हेरियममध्ये अनेकांना हव्या असतात, त्या या यादीत आहेत. घेण्याआधी यादी बघावी, कागद मागावेत, नंतर नाही. पोरानं विहिरीवरच्या पालीचे फोटो काढले आणि ती जिथे होती तिथेच राहिली.

डिसेंबरातलं वजन : थोरली ४६, धाकटी ३८. शेपटीवाचून ती आता दारावर उलटी लटकून झोपते, उतरताना थोडी चुकते, म्हणून बांबूखाली पानांचा थर बोटभर वाढवला आहे. पिंपाला मावशीनं खडूनं महिन्यांच्या रेघा मारल्यात. पाणी मार्गशीर्षाच्या रेघेच्या किंचित वर आहे. वाळ्याचा जुना पडदा उंदरांनी कुरतडला, तो शिमग्याच्या आधी नवा बांधायचा आहे.